पहिल्या रांगेतली दाद

बाबांनी मला कधी दाद दिली नव्हती. मी गाणं शिकले, परीक्षा दिल्या, शाळेत पोरांना शिकवायला लागले, गणपतीत यवतमाळातच चार कार्यक्रमही केले. प्रत्येक वेळी बाबा पहिल्या रांगेत बसायचे आणि घरी आल्यावर चहाचा कप खाली ठेवत म्हणायचे, "बरं झालं." बस्स! बरं झालं तर आपण दळण आणल्यावरही म्हणतो. मला असा राग यायचा, की विचारू नका.

बाबा स्वतः गात नाहीत, वाजवत नाहीत. कचेरीतून निवृत्त झालेला साधा माणूस, पण ऐकणारा मात्र पक्का. नेरला गाणं असो की उमरखेडला, एसटीने जाऊन ऐकून येणार. त्यांचा अभिमान एकच. तबल्याचं आवर्तन फिरून पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर आलं की त्यांचा हात मांडीवर पडतो, आणि तो कधी चुकत नाही. "वा" मात्र ते फार जपून वापरतात. मला एक तरी मिळावी म्हणून मी किती वर्षं झुरत होते, ते माझं मलाच माहीत.

मग टीव्हीवर ती मालिका सुरू झाली. समोरासमोर राहणारी दोन गवई घराणी, एकमेकांच्या रियाजात खोडा घालणारी. संध्याकाळी तिच्या वेळेला आमच्याकडे कुकरदेखील लावायची बंदी होती. बाबा तिला नावं ठेवायचे आणि एकही भाग चुकवायचे नाहीत. "हे पाय, गवई तान घेऊन राह्यला अन् तोंड मिटेल हाय!" म्हणून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचे.

आणि एक दिवस ती मालिकावाली मंडळी चक्क आमच्या गावात आली! कथेतला धाकटा गवई विदर्भात मैफलीला येतो, असा भाग होता आणि त्यासाठी त्यांना दर्दी दिसणारे श्रोते हवे होते. दर्दी? मी बाबांचं नाव देऊन मोकळी झाले. नुसतं नाव देऊन थांबले असते तर! राळेगावच्या आत्याला फोन, मामांना फोन, शाळेत पेढे. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग.

सभागृहात नमनालाच घडाभर तेल जळालं. हा दिवा हलव, तो पडदा ओढ. शेवटी बाबांना पहिल्या रांगेत, बरोबर कॅमेऱ्यासमोर बसवलं. तबल्याला आमच्याच गावचा खराखुरा वाजवणारा होता. गवई झालेला नट मुलगा गोड, पण सुराशी त्याची तोंडओळखही नव्हती. गाणं नंतर चढवणार होते. तो नुसते हातवारे करत ओठ हलवत होता.

"काका, मी बोट वर केलं की 'वा' म्हणायचं, एवढंच," दिग्दर्शक म्हणाला.

"कायले म्हणू? गाणं कुठी हाय?"

"ते नंतर येईल, काका."

"मंग वा बी नंतर येईन."

सगळे हसले. मी मात्र शरमेने अर्धी झाले. दोनदा बोट वर झालं, बाबा मख्ख. दिग्दर्शक कंटाळून म्हणाला, "काकांना मागे बसवा रे." माझ्या डोळ्यांसमोर आत्या उभी राहिली. मी ताडकन उठले आणि म्हणाले, "थांबा, मी गाते. कॅमेऱ्यामागून."

दुपार होती म्हणून भीमपलासी धरला. भलत्या वेळेचा राग घेतला असता तर बाबा उठूनच गेले असते. गायले. बोट वर झालं. बाबा डोळे मिटून गप्प! दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला आणि माझं डोकंच फिरलं. जगात कोणालाही द्याल, मलाच नाही ना? ठीक आहे! पुन्हा सुरू केलं आणि या खेपेला कॅमेरा, आत्या, बोट, सगळं विसरले. वरच्या सुरावर जाऊन थांबले, थांबावंसं वाटलं तितकी थांबले आणि तिथून उतरत मुखडा पकडून समेवर आले.

बाबांचा हात मांडीवर पडला. "वा, माय! वा!"

बोट तर अजून वर झालंच नव्हतं! दिग्दर्शक आनंदाने ओरडला, तबलजी हसला, आणि मी पुढची ओळ विसरूनच गेले. उड्या माराव्याशा वाटत होत्या. घरी आल्यावर बाबांनी कप खाली ठेवला आणि काहीच म्हटलं नाही. मलाही आता काही नको होतं.

तो भाग लागला तेव्हा आमच्याकडे अख्खी गल्ली जमली होती. धाकटा गवई गायला लागला. आवाज कोणा मोठ्या गायकाचा, राग वेगळाच. आणि मग पडदाभर बाबा! ओले डोळे, हलणारी मान, मांडीवर पडणारा हात. ओठ "वा" म्हणाले, पण आवाज पुसलेला होता. मी टाळ्या पिटल्या. माझा एक सूरही त्यात नव्हता, तरी पिटल्या.

तेवढ्यात शेजारचे काका, बाबांबरोबर जन्मभर गाणी ऐकत फिरलेले, ओरडले, "अरे, हात मागून पडला! टीव्हीवर सम चुकली राजेहो तुमची!"

सगळे हसायला लागले. माझं हसू मात्र विरलं. बाबांना आजवर असं कोणी म्हणालं नव्हतं. खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं, पण बाबांनी हातानेच थांबवलं. त्यांना जराही वाईट वाटलेलं दिसत नव्हतं.

"मी जिचं ऐकून राह्यलो होतो," ते म्हणाले, "तिच्या समेवर बरोबर पडला."