वारा पडला तो दिवस

वाऱ्याने ताणलेल्या टेलिफोनच्या तारेला एक सूर असतो. भोरच्या छावणीत तो ऐकतच माझी ड्यूटी सुरू होई. महायुद्धाची वर्षे होती. सैन्याच्या महिला दलात मी टेलिफोन ऑपरेटर होते. ब्रह्मदेशात जाणाऱ्या तुकड्यांना वरंधा घाटाच्या अंगाने डोंगरात सराव दिला जाई. पुढची चौकी हिर्डोशीला होती.

हवामान हे माझे काम नव्हते. ते माझे वेड होते. शाळामास्तर वडिलांचा जुना बॅरोमीटर, खिडकीला बांधलेली रेशमी फीत आणि एक वही, एवढ्यावर मी रोज सकाळी डोंगराचा अंदाज लिहीत असे. पुण्याहून येणारा अंदाज साऱ्या जिल्ह्याचा असे. माझा डोंगरमाथ्याच्या एका धारेचा. चौकीवरचे नाईक श्रीपती सारोळ्याच्या शेतकरी घरातले. ते फोनवर विचारत, "काय पंचांगबाई, आज कपडे वाळवायचे का घालूनच भिजायचं?"

सलग पंधरा दिवस अंदाज खरे ठरले, तेव्हा कॅप्टनसाहेबही विचारू लागले. मला अभिमान वाटला.

धारेवरचा वारा मला भागोजी सांगत. ते वरच्या वाडीतले मेंढपाळ. चौकीत येऊन रिसीव्हरमध्ये ओरडून बोलत. भाद्रपदातल्या त्या सकाळी, सात वाजून दहा मिनिटांनी, ते म्हणाले, "बाई, वारं पडलंय. पार पडलंय!"

"आणि पाऊस?"

"न्हाई."

बॅरोमीटर स्थिर होता. मी वहीत लिहिले : वारा शांत; धार दुपारी तीनपर्यंत निर्धोक.

कॅप्टनसाहेबांनी विचारले, "नक्की?"

"नक्की, सर."

साडेसातला श्रीपतींचे दहा जणांचे सेक्शन धारेकडे निघाले.

दहा चाळीसला हिर्डोशीच्या ऑपरेटरने मला ऐकू यावे म्हणून रिसीव्हर वायरलेस सेटजवळ धरला. श्रीपतींचा आवाज ओल्या कापडातून गाळून आल्यासारखा होता.

"धुकं. स्वतःचा हात दिसत नाही. ओव्हर."

"जागेवर थांबा. ओव्हर," ऑपरेटर म्हणाला.

"एक जवान मागे राहिलाय. बघून येतो. ओव्हर."

"थांबा. ओव्हर."

उत्तर आले नाही. अकरा वाजून पाच मिनिटांनी दुसराच आवाज म्हणाला, "जवान आला. नाईक नाहीत."

धुके दोन दिवस हलले नाही. तिसऱ्या दिवशी श्रीपती कड्याखाली सापडले.

मी हिर्डोशीला गेले. भागोजी चौकीबाहेर घोंगडी पांघरून उभे होते.

"म्या सांगितलं हुतं की, बाई," ते म्हणाले. "वारं पडलं की कोकनातलं धुकं वर येऊन धारंवर बसतं. तवा आमी मेंढरं बी भाईर काढत न्हाई."

वर चढणारे धुके वारा उधळून लावत असे. तो पडला की धार बुडत असे. मला 'पडलंय' हा शब्द दिलासा वाटला. त्यांनी तो इशारा म्हणून दिला होता. एक प्रश्न मी अधिक विचारायला हवा होता.

चौकशीत 'अपघात' अशी नोंद झाली. माझ्या वहीचा उल्लेख कुणी केला नाही. त्यानंतर मी अंदाज लिहिला नाही.

श्रीपतींना मी जिवंतपणी कधी पाहिले नव्हते. ते मला चेहऱ्याविना आठवतात : वाक्य संपण्याआधीच हसू फुटणारा एक आवाज.

रजा मिळताच मी सारोळ्याला गेले. त्यांच्या आई दारात घेवड्याच्या शेंगा निवडत होत्या. मी गणवेशात होते. उभ्यानेच म्हणाले, "आई, त्या दिवशीचा हवेचा अंदाज माझा होता. माझ्या चुकीने ते गेले."

त्यांचा हात थांबला. मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाल्या,

"व्हय."