इंटरप्ट बंद करण्याची ओळ

ऑफिसात त्यांना सगळे ‘कासव’ म्हणत, तेही तोंडावर. नेटवर्क कार्ड संगणकाकडून चालवून घेणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, लिहिण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. कार्डावर माहिती आली की ते प्रोसेसरला इंटरप्ट देतं. हातातलं काम टाकून त्याला धावावंच लागतं. म्हणून अनेक कामं मिळून वापरतात अशा कुठल्याही माहितीच्या यादीला, एका वेळी एकानेच तिला हात लावावा यासाठी, कुलूप घालण्याआधी कासव इंटरप्ट बंद करत. नाहीतर कुलूप घालणाऱ्यालाच अर्ध्यात उठवून त्याच कुलपापुढे उभं केल्यासारखं व्हायचं. मग तो स्वतःचीच वाट बघत बसणार आणि यंत्र गोठणार.

साहेब म्हणजे त्यांचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. कार्ड तपासायची सोय एकट्या कासवांच्या टेबलावर होती, त्यामुळे त्यांचा संगणक सगळ्यांसाठी उघडाच असे. ते जेवायला गेले तेव्हा मेहुण्याने तिथेच बसून इंटरप्ट बंद करणारी ओळ उडवली, आणि कासवांना सांगितलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

“भाऊजी, वेग चार टक्क्यांनी वाढला बघा!”

“अरे, ती ओळ परत घाल. गोठेल यंत्र.”

“आठ तास चालवलंय. गोठलं?”

“वर्षातून एकदा गोठलं तरी बास आहे.”

“मग वर्षाने बघू. माल आज जातोय.”

नवव्या दिवशी ग्राहकाकडची चाळीस यंत्रं एकामागून एक गोठली. घरी बायको म्हणाली, “त्याचं नाव घेतलंत तर माझं माहेर तुटलं समजा.” कासव रात्रभर कूस बदलत राहिले.

बैठकीत मालकांनी कोणाच्या संगणकावरून काय बदललं याची नोंद उघडली. बदल कासवांच्या नावावर होता.

कासव मेहुण्याकडे वळले. “तूच सांग ना रे.”

“मी काय सांगू, भाऊजी? नोंद समोर आहे. वयोमानाने होतं असं.” कोणीतरी फिसकन हसलं.

मालकांनी त्यांना कामावरून काढलं, पण आधी दुरुस्ती करायला बसवलं. ओळ परत घालायला दीड मिनिट लागलं. “दोन दिवस चालवून बघतो,” ते म्हणाले.

“ते आता दुसरं कुणी बघेल,” मालक म्हणाले.

परत द्यायला गळ्यातलं ओळखपत्र काढताना फीत कॉलरमध्ये अडकली, ती मेहुण्यानेच हलक्या हाताने सोडवली.

जिना उतरताना बायकोचा फोन आला. “रविवारी तो जेवायला येतोय. त्याला काही टाकून बोलू नका हं, बिचारा फार खचलाय.”