घरातून नाही म्हणतात

छातीत दाब यायचा. सगळ्या तपासण्या नीट आल्या, तेव्हा डॉक्टरांनी मला नंदुरबारच्या एका समुपदेशन गटात पाठवलं. दर शनिवारी आम्ही काही जण एका हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडून बसायचो. गट घेणारी बाई नाशिककडची, माझ्या मुलीपेक्षाही लहान. ती सांगायची, माणूस आतून एकटा नसतो. आत एक रागावणारा असतो, एक घाबरणारा, एक सांभाळून घेणारा. प्रत्येकाला समोर बसवायचं आणि त्याचं ऐकून घ्यायचं.

इतरांना उपयोग झाला, हे मी नाकारत नाही. एका निवृत्त शिक्षिकेला बऱ्याच काळाने झोप लागू लागली. मला मात्र दर शनिवारी जास्तच चीड यायची.

माझं प्रकरण साधं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी मुलगी बारावी झाली आणि धुळ्याला नर्सिंगला तिचा नंबर लागला. माझे थोरले भाऊ ओट्यावर बसून म्हणाले, आपल्या घरातल्या मुली होस्टेलात राहत नाहीत. मी त्यांच्यासमोर काही बोललो नाही. घरात आलो आणि मुलीला सांगितलं, "तुन्ही माय नही म्हनस." तिची माय तेव्हा शेतात कापूस वेचत होती. आदल्याच दिवशी ती मला म्हणाली होती, पोरीला पाठवा.

आमच्याकडे पुरुषांची ही जुनी सवय. कोणी ट्रॅक्टर मागितला, शेताच्या बांधातून वाट मागितली, की म्हणायचं, घरात विचारतो. दुसऱ्या दिवशी सांगायचं, घरातून नाही म्हणतात. बाईला जाऊन कोण विचारणार? ऐकणाऱ्यालाही कळतं की नकार कोणाचा आहे, आणि कोणाचं मन मोडत नाही. मी तर आयुष्यभर हेच केलं. माझी मुलगी अठरा वर्षांची होती, तिला ही पद्धत माहीत नव्हती. तिने ते खरं मानलं.

संध्याकाळी बायको शेतातून आली तेव्हा मुलगी तिच्याशी बोलेना. बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिला समजलं, आणि ती गप्प राहिली. पुढे मुलीचं नंदुरबारला लग्न झालं. आजही ती घरी आली की ओसरीत बसते, स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. "आबा, मायले सांगा, चहा नको," असं म्हणते. माय पाच हातांवर उभी असते.

एका शनिवारी माझी पाळी आली आणि मी हे सगळं सांगितलं. बाई म्हणाली, "काका, तुमच्यातला जो भाग खोटं बोलला, त्याच्या जागी कोणाला तरी बसवा." मी शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या सुताराला बसवलं. नंदुरबारच्या जुन्या मुसलमान घरातला माणूस, मुलगा गेल्यापासून गटात येत होता.

"जिंदगीभर खुर्च्या बनाड्यात," तो बसता बसता म्हणाला, "अशी मुश्किल खुर्ची नही बनाडी."

लोक हसले. बाईने मला सांगितलं, "त्याला विचारा, तो तुम्हाला कशापासून वाचवत होता?"

मी विचारलं. सुतार डोकं खाजवत म्हणाला, "तुन्हा भाऊसपासून, आखो काय."

"बघा काका," बाई म्हणाली, "तो भाग वाईट नाही. त्याने तुम्हाला सांभाळलं. त्याचे आभार माना."

"आभार?"

"मनापासून."

सुतार पुढे वाकून हळूच म्हणाला, "मानी ले रे भाऊ, जेवानी येळ व्हई ऱ्हायनी."

मी आभार मानले. सगळ्यांनी माना डोलावल्या, शिक्षिकाबाईंनी तर डोळे पुसले. बसने गावी परतताना माझं डोकं तापलं होतं. इतकी वर्षं माझा नकार बायकोच्या तोंडी होता, आता तो माझ्यातल्या कुठल्याशा भागाच्या तोंडी गेला. मी पुन्हा मोकळाच. निदान एकाने तरी मला म्हणायला हवं होतं, की हे तू केलंस.

पुढच्या रविवारी मुलगी आली. मी बायकोलाही ओसरीत बोलावलं आणि दोघींसमोर सांगितलं, तुझी माय हो म्हणाली होती. नाही मी म्हणालो. भावांना घाबरलो.

बायको म्हणाली, "आते कसाले हाई सगळं?"

मुलीने पाहिलं ते मायकडे. "माय, तू कसाले गप ऱ्हायनी? एक सबद तरी बोलती."

मला हेच नको होतं. मी मध्ये पडलो, "तिला नको विचारू. मला विचार."

"तुमले काय इचारू?" मुलगी म्हणाली. "तुमले आते बरं वाटत व्हई, आबा."

मला बरं वाटत नव्हतं, पण ते सांगून उपयोग नव्हता. ती पुन्हा मायकडे वळली आणि तिला फैलावर घेतलं. आयुष्य गेलं, तू बघत बसलीस, असं बरंच काही. बायको ऐकत राहिली, मधूनच काही उत्तर देत राहिली. मग मुलगी न जेवता रिक्षा बोलावून निघून गेली.

मी बायकोवर चिडलो. म्हणालो, सगळं माझ्यावर घ्यायला मी बसलो होतो, तू कशाला उत्तरं देत बसलीस?

"ती मन्हासंगे बोलनी," ती म्हणाली.

"भांडनी."

"भांडनी तरी."

एवढ्यावर ती समाधानी होती, याचाही मला राग आला. ती उठून मुलीसाठी केलेल्या भाकरी फडक्यात बांधू लागली आणि मला म्हणाली, दुपारच्या बसने तिच्याकडे जाऊन या. मी म्हणालो, तूच जा. ती लुगडं बदलायला आत गेली.