धुकं दहा चाळीसला उठेल

बस स्टँडच्या चौकशी खिडकीत बावीस वर्षं बसलेल्या माणसाला गल्लीतले लोक चौकशीसाहेब म्हणत. साहेबांना हा मान वाटे आणि गल्लीनेही त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही. खिडकीच्या काचेला खाली अर्धगोल भोक होतं. प्रवासी वाकून त्यात तोंड घालत आणि साहेबांना आतून फक्त हनुवट्या आणि पिशव्या दिसत. डोक्यावर भिंतभर वेळापत्रक टांगलेलं होतं. लोक आधी ते मान वर करून वाचत आणि मग खरं आहे ना हे विचारायला वाकत. साहेब मान वर न करता सांगत, "सहा दहा, फलाट चार. पुढचे." बावीस वर्षांत त्यांनी कुणाला चुकीची वेळ सांगितली नाही. अंगात ताप असतानाही नाही.

अडचण एवढीच होती, की दिवसाला चारशे उत्तरं देऊन आलेल्या माणसाकडे घरच्यांसाठी एकही शिल्लक राहत नसे. घरी त्यांचं एकच उत्तर होतं, "बघू." गळक्या नळाला बघू, मुलीच्या कॉलेजला बघू. एकदा पाहुण्यांनी निघतो म्हटल्यावरही ते बघू म्हणाले होते आणि पाहुणे बिचारे आणखी दोन दिवस राहिले.

त्यांची बायको शिवणक्लासात शिकवायची. क्लासातल्या मुली तिला बाई म्हणत, आपणही बाईच म्हणू. बाईंच्या हाताखालून निघालेली मुलगी डोळे मिटून काज करू शकते असं बोललं जायचं, आणि त्यात अतिशयोक्ती फार नव्हती. महिन्यापूर्वी क्लासाच्या मालकीणबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. तीन तासांवरच्या गावात नवी शाखा निघत होती, तिची सूत्रं बाईंनी घ्यावीत अशी त्यांची इच्छा होती. वर्षभरासाठी सोमवार ते शुक्रवार तिकडेच राहायचं. वीस शिलाई मशीन, कापडाचं टेबल खिडकीपाशी आणि दारावर बाईंच्या नावाची पाटी. उत्तर या सोमवारच्या आत कळवायचं होतं.

बाईंनी घरात तीनदा विषय काढला. पहिल्यांदा साहेब पाय धूत होते, दुसऱ्यांदा पेपर वाचत होते, तिसऱ्यांदा काहीच करत नव्हते. तिन्ही वेळा "बघू."

बाईंना परवानगी नको होती, हे इथे स्पष्ट सांगितलेलं बरं. परवानगी मागण्याचं वय त्यांनी कधीच मागे टाकलं होतं. त्यांना हवं होतं ते वेगळंच. या माणसाने एकदा मान वर करून आपल्याला काहीतरी विचारावं. कशी राहशील, काय खाशील, काहीही. बावीस वर्षं साहेबांनी जगाला उत्तरं दिली होती, प्रश्न म्हणून बायकोला एकही विचारला नव्हता. आपण गेलो आणि गेल्याचं कुणाच्या लक्षातच आलं नाही तर? या एका भीतीपायी बाईंच्या तोंडून मालकीणबाईंना होकार जात नव्हता.

मुलीनेच शेवटी तोडगा काढला. घरी बाबा बोलत नाही ना, मग त्याला थंड हवेच्या ठिकाणी नेऊ, शनिवार-रविवार, शांत जागी. तिथे ना खिडकी ना रांग, बोलेल आपोआप. बाईंचा धाकटा दीर हौशी गडी. त्याने लगोलग हॉटेल ठरवलं. जाहिरातीत लिहिलं होतं, निसर्गाच्या कुशीत नीरव शांतता. शांतता होतीच, पण ती जनरेटरच्या पलीकडे होती आणि जनरेटर यांच्या खोलीच्या अलीकडे. त्यात दिराने स्वतःचा स्पीकर आणला होता. शांततेत गाणी किती छान ऐकू येतात, असं त्याचं म्हणणं होतं. एकूण हॉटेलातला प्रत्येक जण शांततेसाठीच आला होता आणि येताना आपापला गोंगाट न विसरता घेऊन आला होता.

साहेबांनी मात्र पोचल्या पोचल्या आपल्या सवयीप्रमाणे भिंतीवरच्या सगळ्या पाट्या वाचून काढल्या. गरम पाणी, नाश्ता, गेट बंद होण्याची वेळ, टेकडीवर जायच्या वाटा. बाईंच्या नजरेतून हे सुटलं नाही.

संध्याकाळी दोघं व्हरांड्यात बसली. दीर आणि मुलगी भाजलेली कणसं आणायला गेली होती. बाईंनी खुर्ची जरा जवळ ओढली आणि म्हणाल्या, "अहो, ऐका ना." तेवढ्यात शेजारच्या खोलीतल्या एका गृहस्थांनी गरम पाणी केव्हा येतं म्हणून कुणालाच उद्देशून न बोलता विचारलं. साहेब म्हणाले, सहा ते आठ. मागोमाग गृहस्थांची बायको आली. मग तिची बहीण आली, कारण बायकोने सांगितलेलं तिला खरं वाटेना. काही माणसांच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं असतं की याला ठाऊक असणार. साहेबांचा चेहरा तसा होता. जेवणापर्यंत निम्मं हॉटेल व्हरांड्यात येऊन गेलं आणि काउंटरवरच्या मॅनेजरने बऱ्याच दिवसांनी निवांत डुलकी काढली. साहेबांचा चेहरा फुलला होता. बाईंच्या हातातलं कणीस गार झालं.

रविवारी सकाळी सगळे टेकडीवरच्या कठड्यापाशी गेले. तिथून म्हणे सात डोंगर आणि खाली तळं दिसतं. त्या सकाळी मात्र समोर धुक्याशिवाय काही नव्हतं. पन्नासेक माणसं कठड्याला टेकून त्या पांढऱ्या पडद्याचे फोटो काढत होती आणि घरच्यांना पाठवत होती. कुणीतरी वैतागून म्हणालं, हे उठणार तरी कधी? साहेब बाकावर बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, "दहा चाळीस."

आता धुक्याचं वेळापत्रक कुठल्या पाटीवर नव्हतं. पण आवाज असा होता की शंका घ्यायची कुणाची छाती होईना. बातमी कठडाभर फिरली. लोक खात्री करायला बाकापाशी येऊ लागले, एकामागे एक उभे राहिले आणि बघता बघता रांग झाली. डाव्या हाताचा डोंगर कोणता, स्वच्छतागृह कुठे, परतीची गाडी किती वाजता. साहेब जमिनीकडे बघत प्रत्येकाला मार्गी लावत होते. मुलीने कपाळाला हात लावला. दिराने स्पीकर बंद केला, कारण दादाचं ऐकू येत नव्हतं.

बाई थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या. एवढा घाट चढून येऊन, जनरेटरशेजारी झोपून, शेवटी हेच. राग आला, हसूही आलं, आणि मग त्यांनी पर्स खांद्याला नीट अडकवली आणि जाऊन रांगेत शेवटी उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे एक काठीवाले आजोबा आले. बाईंचा नंबर लागायला बारा मिनिटं गेली. घरापेक्षा लवकरच लागला म्हणायचा.

नंबर आल्यावर त्यांनी शाखेच्या गावाचं नाव घेतलं आणि विचारलं, "सोमवारी सकाळची पहिली गाडी?"

"सहा दहा. फलाट चार."

"जागा मिळते?"

"सोमवारी गर्दी असते. पंधरा मिनिटं आधी या."

"बाईमाणसाने एकटीने जायला बरी आहे का गाडी?"

"रोज जातात. काही अडचण नाही. पुढचे."

बाई हलल्या नाहीत. मागून आजोबांनी काठी आपटून पाहिली. चौकशी झाल्यावर माणसाने पुढे सरकायचं असतं, हा जगाचा नियम साहेबांनी बावीस वर्षं पाळून घेतला होता. समोरची चप्पल हलेना तशी त्यांनी ती नीट पाहिली. डाव्या अंगठ्यापाशी जाड दोऱ्याने शिवलेली चप्पल. तो टाका त्यांच्या ओळखीचा होता. हळूहळू त्यांची मान वर आली. साडी, पर्स, हनुवटी, आणि मग हनुवटीच्या वरचा सगळा चेहरा.

"तू?" ते म्हणाले. सहा दहा आपण कुणाला सांगितली, ते त्यांना आता उमजलं असावं. पाय धुताना ऐकलेलं, पेपरामागून ऐकलेलं आणि काहीच करत नसताना ऐकलेलं, सगळं एकदम कानात शिरल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. बाकावरून ते उठून उभे राहिले. खिडकीतल्या नोकरीत उभं राहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

"परत कधी येशील?" त्यांनी विचारलं.

बाईंचं उत्तर तयार होतं, महिनाभर तयार होतं. पण या प्रश्नाची त्यांनी इतकी वर्षं वाट पाहिली होती, की तो अजून थोडा वेळ तसाच समोर उभा राहावा असं त्यांना वाटलं. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत.

तेवढ्यात कठड्याकडून एकच गलका झाला. धुकं फाटलं होतं, डोंगर एकेक करून बाहेर येत होते. रांग मोडून सगळे तिकडे पळाले. काठीवाले आजोबासुद्धा गेले. लांबून मुलगी ओरडली, "बाबा, अकरा वाजले. वीस मिनिटं लेट."

साहेबांनी तिकडे पाहिलं नाही. सात डोंगर त्यांच्या पाठीमागे राहिले.

"शुक्रवारी," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी सव्वासातच्या गाडीने."

"ती कधीच वेळेवर येत नाही," साहेब सवयीने म्हणाले. पाऊण तास तरी उशीर धरा, असं ते खिडकीतून लोकांना सांगत आले होते. पण आता त्यांनी तो आकडा तोंडातच ठेवला.

"मी सातलाच येऊन थांबतो," ते म्हणाले. "फलाटावर."