भटारखान्याची रेघ

माझ्या मामूंइतका ऊन न लागणारा माणूस अख्ख्या शारजात झाला नाही, पुढे होणारही नाही. साठच्या दशकातलं शारजा, घरात ना वीज ना पंखा. आम्ही खजुरीच्या झावळ्यांच्या घरात अंगावर गंजिफ्रॉकही ठेवत नसू, आणि मामू भर जूनमध्ये गळ्यात लोकरीचं टार्टन गुंडाळून बसलेले! टार्टन म्हणजे स्कॉटिश पलटणींचं चौकटीचं कापड, ज्या त्या पलटणीचं आपापलं. महायुद्धात मामूंनी अशाच एका पलटणीच्या डेगी घासल्या, रस्से शिजवले, आणि निघताना कुणा गोऱ्या सार्जंटने त्यांना तो तुकडा दिला. तेव्हापासून त्यांना जिथेतिथे पलटणच दिसे. बाजारात एका मलबारी दुकानदाराची तांबडी-हिरवी लुंगी पाहून त्यांनी खाडकन सलाम ठोकला आणि विचारलं, "कौनसी पलटन, भाई?" मामी म्हणायची, "या माणसाचा निकाह माझ्याशी झाला, संसार त्या फडक्याशी!" फडकं म्हटलं की मामू रुसून चूल पेटवत नसत. घरातही स्वयंपाक तेच करत, त्यामुळे उपाशी आम्ही राहायचो.

शारजाच्या गोऱ्यांच्या छावणीतही मामू भटारखान्यातच होते. तिथल्या बँडसाठी नवं टार्टन विणून आलं, तेव्हा ते ईदचे कपडे घालून बघायला गेले, मलाही ओढत नेलं. साहेब सगळ्यांना समजावत होता: पिवळी रेघ वाळूची, निळी दर्याची, लाल ती पलटणीसाठी सांडलेल्या रक्ताची. मामूंनी अदबीने हात वर केला. "साहब, इसमें भटारखाने की लकीर कौनसी?" साहेब हसला. "खानसामा, ये सिपाहियों का कपडा है." मग सगळा बँड हसला. परतताना मामू एकदम म्हणाले, "माझा भाऊ लढाईत चहाची किटली हातात घेऊन बॉम्बखाली गेला रे. त्याचं रगत काय पांढरं होतं?" घरी आल्यावर त्यांनी गळ्यातलं टार्टन काढलं, नीट घडी घातली आणि मामीच्या हातात दिलं. "ठेव पेटीत. आपलं नाय ते. खलास." त्या दिवसापासून मामूंना ऊन लागायला लागलं.

पुढच्या थंडीत ते गेले. जनाजा उचलताना कफनावर चादर घालतात. मी पेटीतून ते टार्टन काढून आणलं. वाटलं, इतकी वर्षं जपलं, कब्रस्तानापर्यंत तरी सोबत जाऊ दे. मामीने माझा हात धरला. "नको. त्यात ते कुठे होते? जाऊ दे साधेच." मग पांढरी चादर घातली आणि आम्ही निघालो. मामीचं बरोबरच होतं. पण खरं सांगतो, अजून जीव जळतो माझा. एवढं मोठं कापड, इतक्या रेघा. त्यात एक भटारखान्याची घातली असती, तर त्या साहेबाच्या बापाचं काय जात होतं?