पाळवालीचा पदर

आमच्या झोपेच्या वर्गात सगळ्यांत आधी झोपायची ती पाळवाली. वर्ग मोबाइलवर, दुपारचा. स्वमग्न मुलांना झोपेची सवय कशी लावावी हे नागपूरच्या मॅडम शिकवायच्या आणि आम्ही आया डोळ्यांखाली काळं घेऊन ऐकायचो. मी फुलचूरच्या घरातून, ती चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, कारण तिच्या घरात नेटवर्कच नव्हतं; म्हणून आमची ती पाळवाली. मोबाइल दगडाला टेकवायची, "बोला मॅडम," म्हणायची, आणि दोन वाक्यांत मान छातीवर.

जागी असली की मात्र फटकळ. मॅडम म्हणाल्या, मुलीची झोपायची खोली शांत, अंधारी ठेवा. ही म्हणाली, "खोली एकच हाय मॅडम. सासऱ्याले खोकला हाय, त्याले कुठी ठेवू?" आम्हाला हसू आलं आणि लगेच रडूही. मॅडमचं चुकत नव्हतं हो. त्यांच्या सांगण्याने माझ्या सोनूला थोडा फरक पडला होता. पण पाळवालीची मुलगी रात्ररात्र घरात धावायची, आणि दार उघडं दिसलं की थेट तलावाकडे. "एखाद्या दिवशी माहा डोळा लागन अन् पोरगी जाईन पान्यात," ती म्हणायची.

एका दुपारी तिने मुलीलाही सोबत आणलं. "आज मले काई शिकवू नका. पोरीकडे पाहा जरा," म्हणाली आणि तिथेच गवतावर आडवी झाली. मॅडमनी शिकवणं थांबवलं. आम्ही साऱ्या आपापल्या गावातून तिच्या पोरीची राखण करू लागलो. तेवढ्यात पोरगी उठली आणि पाण्याच्या बाजूने चालत पडद्याबाहेर गेली. सगळ्या एकदम ओरडलो. "दीदी, उठो! लडकी गई!" घाबरले की आमच्याकडची हिंदीच तोंडात येते, तशी मी किंचाळले. ती हललीसुद्धा नाही. इतकी हतबल मी सोनूपुढेही कधी झाले नव्हते.

मग तिच्या साडीचा पदर ताणला गेला. त्याचं दुसरं टोक पोरीच्या मनगटाला बांधलेलं होतं. ती दचकून उठली, पदर ओढत पोरीला जवळ घेतलं आणि आमचे चेहरे पाहून म्हणाली, "काऊन रडून राहिल्या? मी का तुमच्या भरोशावर निजली होती?" मग पोरीच्या मनगटाची गाठ घट्ट करत म्हणाली, "पन बेस झोप लागली आज."

त्यानंतर ती एक-दोनदा आली, मग आलीच नाही. नंबर लागत नाही. तिच्या गावाकडे जाणारी तिरोड्याची गाडी धरावी, पाळीवर जाऊन विचारावं, असं रोज ठरवते. पण सोनूला कुणाकडे ठेवू? आणि खरं सांगते, तिथे काय ऐकायला मिळेल याचीच जास्त भीती वाटते.

आता रात्री माझ्या ओढणीचं टोक सोनूच्या मनगटाला असतं. ओढ बसली की जाग येते. नाही बसली तरी येते.