यंत्र थांबवणाऱ्या मुलीचे चित्रकार

शकील सरांची आणि माझी पहिली भेट अकोल्यातल्या एका चित्रप्रदर्शनात झाली. मी अमरावतीच्या महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते, हे कळताच त्यांनी थेट विचारलं, "मॅडम, सिनेमातला हिरो एकटाच जुलमी राज्य उलथवते. मंग नवा राजा कोन? तोच ना?"

सर अकोटचे. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली आणि निवृत्तीनंतर ॲनिमेशनपट करायला घेतला. त्या चित्रपटात इंग्रजांचं कंपनी सरकार कधी गेलेलंच नाही. वऱ्हाडचा कापूस आजही कंपनीच्याच हुकमावर पिकतो. नायिका जिनत ही जिनिंगमधल्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यातल्या, कामगाराची मुलगी. तिनं हात लावला की कुठलंही यंत्र थांबतं. संवाद लिहायला सरांनी मला बोलावलं. मी हौसेनं समतेवर दोन पानं लिहिली. सरांनी ती आदरानं वाचली आणि ते म्हणाले, "हे भाषण झालं, मॅडम. पोरीले बोलू द्या."

चित्रपट अर्धा झाला असताना निर्माते म्हणाले, नायिकेचं नाव बदला, जिनतला तिची मैत्रीण करा आणि खलनायकाला दाढी द्या. मी संतापले. सर शांतपणे म्हणाले, "साहेब, गोष्ट अकोटची हाय. आमच्या जिनिंगमधी जिनतही हाय आन् शांताही. कोनाले काढू? आन् खलनायकाले दाढी कावून? जुलूम करायले दाढी लागत नाही." निर्मात्यांनी अंग काढून घेतलं. काम मात्र थांबलं नाही. सरांचे जुने विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी येऊन चित्रं रंगवू लागले.

चित्रपट जवळजवळ पुरा झाल्यावर अकोल्याच्या एका महाविद्यालयात तो दाखवला. तेव्हाच्या शेवटात जिनत एकटीच सगळी यंत्रं थांबवून कामगार बायांना सोडवत होती. टाळ्या पडल्या. मग रुखसार नावाची विद्यार्थिनी उभी राहिली. "सर, जिनत लय भारी हाय. पन बाकीच्या बाया निसत्या वाचवून घ्यायलेच हायेत काय? त्याईले तर चेहरेबी नाहीत."

"बराबर बोलली, पोरी," सर म्हणाले.

त्यांनी सगळा शेवट मोडला. तो नव्यानं काढण्यात वर्ष गेलं. आता शेवटी जिनतची शक्ती संपते, ती खाली बसते आणि बाया पुढे होऊन आपल्या हातांनी यंत्रांचे पट्टे उतरवतात. प्रत्येकीचा चेहरा वेगळा आहे. अमरावतीच्या पहिल्या खेळाला रुखसार आईला घेऊन आली होती. तो प्रसंग आला तेव्हा आई अर्धवट उठून म्हणाली, "अवं, हे त आपल्यासारखीच दिसते!" सर मागच्या रांगेत होते. मी वळून पाहिलं, तर ते चष्मा पुसत होते.

सरांचा जिव्हाळा मी घरातही अनुभवला. पक्षाघातानं माझ्या आईची वाचा गेली, तेव्हा त्यांनी तिच्यासाठी चित्रं काढून आणली: पाणी, पंखा, उशी, चहा. हवं ते आई बोटानं दाखवी. सर दारात दिसले की मात्र तिचं बोट हमखास चहावर जाई, त्यांना चहा द्या म्हणून.

एका माणसानं सगळ्यांना तारावं, ही कल्पना सरांना कधी मानवली नाही. म्हणून या गौरवग्रंथालाही त्यांनी बरेच दिवस नकारच दिला. आज त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त आम्ही सारे त्यांच्यासाठी निरोगी, दीर्घ आयुष्य मागतो. त्यांची नजर अशीच स्वच्छ राहो, हात स्थिर राहो, आणि गर्दीत ज्यांना अजून चेहरा मिळालेला नाही, त्यांच्यापर्यंत तो हात पोहोचत राहो.